धूर चाखणारा जमादार

जमादार धूर चाखायचा. तुम्ही हसाल, पण मी डोळ्यानं पाहिलेलं सांगतो. कोळशाच्या भट्टीवर तो चढायचा, एखाद्या भोकापाशी वाकायचा, आ वासून घोटभर धूर तोंडात घ्यायचा आणि चूळ भरल्यासारखा गालात फिरवायचा. मग बाजूला थुंकायचा अन् सांगायचा, "पानी हाय अजून." नाहीतर, "पिवळा हाय. आंबट लागून राहिला."

पांढरा धूर म्हणजे लाकडातलं पाणी चाललं. पिवळा म्हणजे आत काम चालू आहे, हात लावू नका. बारीक निळा धूर आला की कोळसा झाला, भोकं लिंपा आणि भट्टी थंड होऊ द्या. हे रंगावरून आम्हालाही कळायचं. जमादार म्हणायचा, "रंग फसवतो. उन्हात येगळा, सावलीत येगळा. जीभ फसवत न्हाई."

तो जमादार कधीच नव्हता. निजामाच्या काळात जंगलखात्याच्या एका जमादाराच्या हाताखाली पाणी भरायचा. तो जमादार बदलून गेला आणि नाव ह्याला चिकटलं. खरं नाव त्याच्या मयतीच्या दिवशीही कुणाला आठवलं नाही. बायको नाही, लेकरू नाही. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या पलीकडं आमचं गाव, गावाच्या टोकाला त्याची झोपडी, आणि त्या झोपडीत चूल नव्हती. काहून म्हणून विचारलं तर म्हणायचा, "दिसभर धूरच काढतो. घरी बी तेच करू व्हय?" भाकरी मग दुसऱ्यांच्या घरी. जास्त करून आमच्या, कारण माझ्या बायकोच्या हातचा ठेचा त्याला आवडायचा. तिचं नाव गिरजा. ती होती तोवर मी कधी नावानं हाक मारली नाही. आता लिहायला तरी लिहितो.

नातू परवा मोबाईलवर दाखवत होता. कुठल्या कुठल्या देशांत म्हणे धुरावर पट्टी बसवली. जेवढा धूर काढाल तेवढं सरकारला भरा. त्यानं जगाचं ऊन कमी होणार. नातू म्हणाला, "आजोबा, नवीनच निघालंय." मी म्हणालो, बाबा, नवीन कशाचं? आमच्या डोंगरावर जमादाराचा हाच नेम होता.

नेम असा. भट्टी धुमसत असताना तिच्यापाशी बिडी ओढायची नाही, भांडायचं नाही, डुलकी घ्यायची नाही. ज्यानं केलं त्यानं खालच्या नाल्यातून घागर भरून डोंगरावर आणायची. ते पाणी चिखलाला लागायचं. भट्टीला भेग पडली की ओला चिखल लगेच हवा, नाहीतर आत वारं शिरतं आणि सगळ्याची राख होते. म्हणजे ज्यानं चूक केली त्याच्याच अंगमेहनतीतून भट्टीची राखण व्हायची. एकदा जमादार स्वतः झोपला. उन्हाची वेळ, भट्टीची एक बाजू बसली. आम्ही पळत जाऊन लिंपली. कुणी त्याला चकार शब्द बोललं नाही, म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं? पण त्यानं घागर उचलली. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत त्याच्या खेपा चालूच होत्या. चिखल नको इतका झाला. गिरजा म्हणाली, "बाबा, पुरं करा, आता डोंगर वाहून जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला, "माझं फिटू दे."

असा माणूस. चांगला म्हणावा तर वैताग, वैताग म्हणावा तर आपल्या चुकीचा भार दुसऱ्यावर टाकला नाही कधी.

आता त्या सालाचं सांगतो. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. दुष्काळात आम्ही दोघं नवराबायको रोडच्या कामावर खडी फोडायला होतो. गिरजाला तेव्हा दिवस गेलेले होते. खडीवरच पोटातलं लेकरू गेलं. तिनं तिसऱ्या दिवशी पुन्हा हातोडी धरली, कारण हजेरी बुडाली तर कामावर खायला वाटायचे ती सुकडी मिळायची नाही. पुढं पाऊस झाला, आणि तिला पुन्हा दिवस राहिले. मी मनाशी ठरवलं, ह्या खेपेला हिला कामावर जाऊ द्यायचं नाही. घरी बसून बाळंत होईल. त्याला एकच आधार होता, ती भट्टी.

लाकूड गावातल्या मालकाच्या डोंगरातलं, मेहनत आम्हा चार घरांची, कोळसा अर्धा अर्धा. तो जवळा बाजारच्या आठवडी बाजारात लोहारांना, इस्त्रीवाल्यांना जायचा. एक भट्टी नीट निघाली की हिवाळा घरात निघायचा. नाही निघाली तर ऊसतोडीला खाली कारखान्यावर जायचं. तिथं गड्याला एकट्याला घेत नाहीत. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. गड्यानं तोडायचं, बाईनं मोळी बांधून डोक्यावर गाडीपाशी न्यायची. सातव्या महिन्यातली बाई मोळी नेईल कशी? ह्या एका प्रश्नानं माझी झोप उडाली होती. भट्टीकडं बघायचो तर मला लाकूड दिसायचं नाही, तिचं पोट दिसायचं.

भट्टी पेटवली आणि धूर पांढऱ्याचा पिवळा होत होता, तेव्हा जंगलसाहेब गावात आला. चावडीवर सगळ्यांना बोलावलं. साहेब वाईट नव्हता, तरणा होता, घसा बसेस्तोवर समजावून सांगत होता. झाडं तुटली म्हणून पाऊस गेला. कोळशासाठी सगळ्यात जास्त झाड तुटतं. म्हणून सरकारनं कायदा केला. आता झाड तोडायला परवानगी, भट्टी लावायला परवाना, आणि कोळशाच्या पोत्यामागं पट्टी. पट्टी बसली की कोळसा महाग होईल, महाग झाला की लोक कमी जाळतील, झाडं वाचतील.

जमादार मागं उकिडवा बसला होता. तो उठला.

"साहेब, पाऊस आला तर कुनाच्या रानात पडंल?"

"सगळ्यांच्याच की."

"मंग पट्टी आमच्याच पोत्याला काहून? ज्याच्या ज्याच्या रानात पडंल त्यानं बी थोडी थोडी द्यावी."

लोक हसले. मालक नाही हसला. साहेबानं चावडीतून डोंगराकडं बोट केलं. भट्टीचा धूर दिसत होताच.

"जमादार, तो धूर कोण काढतंय?"

"आमीच."

"मग?"

जमादारानं डोंगराकडं पाहिलं, साहेबाकडं पाहिलं. "बराबर हाय," म्हणाला आणि खाली बसला.

साहेब म्हणाला, चालू भट्टीचाही परवाना काढून घ्या, आणि जीप घेऊन गेला. वाटेत मी जमादाराला धरलं. "तुमी आमच्याकडून उठले व्हते का त्याच्याकडून?"

"अरे, त्यानं इचारलं धूर कोन काढतो. आता काय सांगू, कोंबडी काढती?"

वर त्याला आनंद झालेला. "आपला घागरीचा नेम उचलला बघ सरकारनं. कुनी सांगितला असंल त्यांना?"

दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून तो हिंगोलीला गेला, पट्टी भरायला. चार घरांनी आणि मालकानं थोडं थोडं जमवून दिलं. मी भट्टीपाशी थांबलो. गिरजा खालून भाकरी घेऊन आली, धापा टाकत. म्हणाली, "भेटंल ना परवाना?" मी म्हणालो, भेटंल. ती भेग दिसली की वाकून चिखल लावायची, मी नको म्हणायचो, ती पुन्हा लावायची.

जमादार आला तो पैसे तसेच कमरेला घेऊन. कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं होतं, कायदा लागू झालाय पण छापील फारम परभणीहून यायचेत. पोत्याला किती पट्टी तेही अजून कळालेलं नाही.

"मी म्हनलो, अंदाजानं घ्या, मागून फरक देतो," जमादार सांगत होता. "तर म्हने, बाबा, सरकार अंदाजानं घेत न्हाई."

"मग भट्टीचं काय म्हणाले?" मी विचारलं.

"परवाना निघंस्तोवर बंद ठेवा म्हने."

चुलीवरचं दूध उतरवून ठेवावं तशी भट्टी उतरवून ठेवता येत नाही. पिवळ्या धुरात उघडली तर वारं लागून भडकते, राख. पिवळ्या धुरात भोकं बुजवली तर गुदमरून विझते, लाकूड आत अर्धं काळं अर्धं तांबूस राहतं. एकदा पेटवली की निळ्या धुरापर्यंत तिच्यामागं चालायचं, दुसरी वाट नाही. कायदा करणाऱ्याला हे कुणी सांगितलं नसेल. त्यात त्याचा दोष मी धरत नाही. भट्टी त्यानं बघितली होती, पण खालून.

मग जंगलखात्याचा गार्ड आला. आमच्याच भागातला माणूस, ओळखीचा. काठी टेकून भट्टीभोवती फिरला आणि म्हणाला, "जमादार, मला तर बुवा काही दिसलं नाही. ह्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राहिला." आणि गिरजाच्या पाठीमागं घरून वर आलेल्या कोंबड्याकडं बघितलं.

गिरजा शहाणी. तिनं लगेच कोंबडा धरला, पाय बांधले. "घेऊन जा भाऊ. वहिनीला सांगा, गावरान हाय, शिजायला येळ लागंल."

प्रकरण मिटलं होतं. तेवढ्यात जमादार भट्टीवरून उतरला, गिरजाच्या हातातून कोंबडा घेतला, दोरी सोडली आणि दिला सोडून.

"धूर कोंबड्यानं फिटत न्हाई," तो गार्डाला म्हणाला. "हा तुमच्या पोटात जाईल. पाऊस तिथंच ऱ्हाईल."

गार्डाचं तोंड उतरलं. चार माणसांत त्याला लाच खाणारा म्हटल्यासारखं झालं ना. तो म्हणाला, "ठीक. मग कायद्यानंच चालू. उद्या उजाडता धूर दिसला तर लाकूड जप्त, आणि तुमी सारे हिंगोलीला." काठी आपटत गेला.

मी जमादाराची गचांडी धरली. खोटं सांगत नाही, दोन्ही हातांनी धरली. "म्हाताऱ्या, तुझं काय जातंय? तुला ना चूल ना पोर. हिला सातवा लागलाय. भट्टी गेली तर हिला कोयत्यावर न्यावं लागंल मला. मागच्या खेपेला काय झालं ते ठाऊक हाय ना तुला?"

त्यानं हात सोडवला नाही. म्हणाला, "ठाऊक हाय."

"मग?"

"जप्त झालं तर काईच ऱ्हानार न्हाई. बुजवली तर काईतरी ऱ्हाईल."

गिरजा म्हणाली, "सोडा त्यांना." मी सोडलं. जमादार भट्टीवर चढला, वाकला, तोंड भरून धूर घेतला. ह्या वेळेला लवकर थुंकला नाही. बराच वेळ गालात धरून बसला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो, की म्हणेल, निळा आला. थुंकला आणि म्हणाला, "पिवळा." मग स्वतःच्या हातानं एकेक भोक बुजवत गेला. कुणी मदतीला गेलं नाही. शेवटचं भोक बुजलं आणि डोंगरावरचा धूर थांबला. इतकी वर्षं मी तिथं काम केलं, पण डोंगर एवढा रिकामा कधी वाटला नव्हता.

थंड झाल्यावर उघडली. जे वाटलं तेच निघालं. वरून काळं, मोडलं की आत तांबूस. जवळा बाजारला नेलं तर लोहारानं एक तुकडा दगडावर आपटला, आत पाहिलं आणि पोत्यात परत टाकला. "पाहुने, हे लाकूड हाय का कोळसा? ह्याचं एकदा ठरवून या." इस्त्रीवाल्यानं तर हातही लावला नाही, कपडे धुरकटतात म्हणून. शेवटी पोती परत आणली आणि घराघरात वाटून घेतली. जळण म्हणून.

ऊसतोडीचा मुकादम गावात आला तेव्हा मी गिरजाचं आणि माझं नाव द्यायला निघालो. तिनं कपडे बांधले होते. पोटावर हात ठेवून उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "मी हळूहळू नेईन मोळ्या. लहान बांधीन."

मुकादमापाशी जमादार आधीच बसला होता, बोचकं घेऊन.

"ह्याच्या कोयत्यात मी," तो म्हणाला.

मुकादम हसला. "म्हातारबा, कोयता म्हणजे जोडी लागती. तुमी ह्याची बायको व्हणार का?"

"मोळी बांधून गाडीपाशी न्यायची ना? एक ठेव डोक्यावर अन् बघ. मान मोडली तर पैसे देऊ नको."

"लोक हसतील."

"हसनं फुकट हाय. त्याला पट्टी न्हाई."

मग माझ्याकडं वळून हळूच बोलला, "भट्टी मी बुजवली. पोरीच्या डोक्यावर काहून टाकू?"

असा तो हिवाळा गेला. पूर्ण फडात एकच कोयता दोन गड्यांचा. लोक त्याला जमादारीणबाई म्हणायचे. तो डोक्यावर पंचा पदरासारखा घ्यायचा, मोळी उचलायचा, आणि मला सगळ्यांदेखत "मालक" म्हणायचा. "मालक, आज भाकरी तुमी थापा, माझी कंबर गेली." बायका हसून हसून मोळ्या खाली टाकायच्या. मीही हसायचो. पण रात्री तो कण्हायचा, आणि मला एकीकडं त्याची काळजी, एकीकडं गावाकडची. निरोप येईना. पोस्टकार्ड लिहिणारं तिच्यापाशी कोण होतं? रोज वाटायचं, आज कुणीतरी येईल आणि वाईट सांगेल.

कुणी आलं नाही. आम्ही परतलो तर अंगणात बाजेवर पोरगी झोपलेली. गिरजा वाळली होती, पण उभी होती. मी पोरीला उचललं. जमादार दारातच थबकला. त्यानं नाक वर केलं, आ वासला, घरातला धूर तोंडात घेतला आणि थुंकला.

"पिवळा हाय," तो म्हणाला.

अख्खा हिवाळा ती ते अर्धं कच्चं जळण चुलीत घालत होती. घराचं आढं काळंमिट्ट झालेलं, तिचे डोळे लाल, आणि बोलताना मध्येच खोकला. जमादार चुलीपुढं बसला आणि एकेक तुकडा बाहेर काढायला लागला. म्हणाला, "खड्डा करून पुन्हा पिकवून देतो. निळा करून देतो."

"परवाना हाय का, बाबा?" गिरजानं विचारलं.

त्याचा हात थांबला.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या चुलीला कुनी पट्टी लावत न्हाई."

ती चेष्टेत बोलली होती. जमादारानं ते चेष्टेत घेतलं नाही. तो उठून गेला, आणि त्यानंतर त्यानं भट्टी लावली नाही. पुढं फारम आले, भाव ठरला. परवाने निघाले ते ट्रकवाल्या ठेकेदारांचे. पट्टी भरायची त्यांची ऐपत होती आणि ती ते कोळशाच्या भावात काढून घ्यायचे. डोंगरावर पुन्हा धूर निघाला, मोठा. जमादार झोपडीपुढं बसून बघायचा. "भरली असंल त्यांनी," एवढंच म्हणायचा. डोंगर थोडा हिरवा झाला, ते मी नाकारत नाही. आमची भट्टी होती तिथं आज पळसाची झाडं आहेत. पाऊस मात्र त्याच्या मर्जीनंच येतो.

जमादार गेला त्याला फार वर्षं झाली. पोरगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला पोरं झाली. घरात गॅस आला. गिरजाचा खोकला मात्र त्या हिवाळ्यात जो घरात शिरला तो गेला नाही. डॉक्टर म्हणाले दमा. मी विचारलं, एका हिवाळ्याच्या धुरानं होतो का? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही. चुलीपुढं तर सगळ्याच बाया बसल्या.

यंदा ती गेली. दुपारी नेलं. माणसं पांगायला लागली तेव्हा पोरगी म्हणाली, "बापू, चला." मी म्हणालो, तू हो पुढं. मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. आधी धूर पांढरा होता. मग बराच वेळ पिवळा. कलत्या उन्हात बारीक निळा आला, अगदी नीट, जमादार पास करील असा. माझा हात आपोआप जमिनीकडं गेला, ओला चिखल शोधायला. निळा आला की भोकं बुजवायची असतात, नाहीतर आतलं सगळं राख होतं.

मग आठवलं की इथं राखच करायची असते. मी हात धोतराला पुसला आणि उठलो.